अण्णांना दाढीवाले नट चालत नाहीत

अंबादासअण्णांच्या शेजारी बसून सिनेमा पाहिला की एका तिकिटात दोन सिनेमे होतात. एक पडद्यावरचा आणि दुसरा अण्णांचा. बहुतेक वेळा अण्णांचा बरा असतो.

म्हणजे असं, की तेलुगू सिनेमा हिंदीत करून आपल्याकडे येतो. नायक पुलावर उभा राहून खलनायकाची गचांडी धरतो आणि थिएटरभर आवाज घुमतो, ‘तेरे खानदान को मिट्टी में मिला दूंगा!’ पोरं शिट्ट्या मारतात. अण्णा मात्र माझा दंड धरून विचारतात, “हिंदीत काय म्हनला?” मी पडद्याच्या उजेडात त्यांच्याकडे तोंड करून, ओठ ठळक हलवत सांगतो. अण्णा नापसंतीनं मान हलवतात.

“तसलं काय न्हाय. तो म्हनतोय, आमच्या कालव्याचं पानी कुनी तोडलं ते आधी सांग.”

पुढं नायिका रडायला लागते. हिंदीत ती म्हणते, तुझ्यावाचून मी जगू शकत नाही. अण्णा सांगतात, “सोड म्हनतीय त्याला. घरी आई जेवायची थांबलीय म्हनती.” आणि खरं सांगतो, अण्णांची नायिका मला जास्त पटते.

अण्णांना ऐकू येत नाही. एकवीस वर्षांचे असल्यापासून पन्नाशी उलटेपर्यंत ते सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका कारखान्यात मागावर होते. टॉवेल विणायचे. एका शेडमध्ये चाळीस माग एकदम चालू असले की माणसाच्या आवाजाला तिथं काही किंमत उरत नाही. कान हळूहळू गेले. पण त्या गोंगाटात लोक बोलायचे थांबले नव्हते. मागाच्या पलीकडच्या माणसाशी नुसते ओठ हलवून बोलायचं, आणि पलीकडच्यानं ते बघायचं, ही तिथली रीतच होती. अण्णा त्यात पटाईत झाले. तेलुगू घरची, मराठी गल्लीतली, हिंदी बाजारातली, अशा तिन्ही भाषा ते ओठांवरून वाचतात. कुणी विचारलं, “अण्णा, ऐकू येतंय का?” तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, “दिसतंय की!”

आमच्याकडे तेलुगू सिनेमे तेलुगूतही लागतात. अण्णा त्याला जात नाहीत. “त्यात काय मजा सर? तितं सगळ्यांनाच कळतंय.” हे सर म्हणजे मी. शाळामास्तर, नुकताच निवृत्त झालेला. आयुष्यभर घसा खरवडून पोट भरलेला माणूस, आणि शेजार मिळाला तो असा. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती भिंत पातळ आहे.

भिंतीचं सांगायचं कारण म्हणजे अण्णांचं संगीत. या वयात माणसं भजनाकडे वळतात. अण्णांना पॉप आवडतं. कुठल्या तरी लांबच्या देशातली निळ्या केसांची एक पोरगी आहे, ती त्यांची विशेष लाडकी. तिची भाषा अण्णांना येत नाही, मला येत नाही, बहुधा सोलापुरात कुणालाच येत नसावी. “कानानं ऐकायची गानी येगळी आनि बरगडीनं ऐकायची येगळी,” असा अण्णांचा संगीतशास्त्रातला सिद्धान्त आहे. त्यासाठी त्यांनी एक भला थोरला स्पीकर आणलाय. तो लाकडी कॉटवर ठेवायचा, आपण शेजारी आडवं व्हायचं, मोबाईल छातीवर धरून पोरीचा नाच बघायचा, आणि गाणं कॉटच्या फळ्यांतून अंगात घ्यायचं. त्या वेळी आमच्या मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून वाजायला लागतात. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आता वाट्यांवरून गाणं ओळखते. “तेच चाललंय, परवाचं,” म्हणते आणि भाजी चिरायला घेते.

अण्णांच्या या विद्येचा उपद्रवही होतो. आमच्या भागातल्या गणपतीत एकदा गाण्यांचा कार्यक्रम होता. चमचमत्या झग्यातली एक गायिका माईक घेऊन मंचभर फिरत होती, लोक डोलत होते. पहिल्या रांगेत स्पीकरला टेकून बसलेले अण्णा उठले आणि ओरडले, “ही गात न्हाय ओ! ओठ मागं ऱ्हायलेत, गानं फुडं गेलंय!” बहिरा माणूस ओरडतो तेव्हा त्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. मांडवातलं डोलणं थांबलं. फक्त गाणं चालू राहिलं, गायिका मात्र दचकून थांबली होती. पुढच्या वर्षी मंडळानं अण्णांना सन्मानानं कमिटीत घेतलं. कमिटीतली माणसं मंचाच्या मागं बसतात.

महिन्यातून दोन शनिवारी आम्ही चौघं बाहेर जेवायला जातो. अण्णा, लक्ष्मीअक्का, सुनंदा आणि मी. अण्णांच्या अटी असतात. फॅमिली रूम नको. कोपरा नको. टेबल हॉलच्या मधोमध पाहिजे आणि अण्णांचं तोंड गर्दीकडे पाहिजे. पदार्थांबद्दल त्यांचं काही म्हणणं नसतं. रस्सा झणझणीत आणि भाकरी गरम असली की झालं. त्यांचं खरं जेवण आजूबाजूच्या टेबलांवर चालतं. विजापूर रस्त्याच्या एका गार्डन हॉटेलात एकदा पलीकडे मुलगी बघायचा कार्यक्रम रंगला होता. अण्णांनी आम्हाला हळूच माहिती दिली. अण्णांचं हळूच म्हणजे काउंटरपर्यंत. “पोरगा म्हनतोय पसंत हाय. आई म्हनतीय, आधी पनीर संपव, मग बघू.” त्या टेबलावरचे सगळे चमचे थांबले. मुलाच्या आईनं आमच्याकडे जे बघितलं, ते वाचायला ओठांची गरज नव्हती. मुलगी मात्र खाली मान घालून खुदखुदत होती.

“अण्णा, लोकांचं बोलणं असं ऐकू नये,” मी म्हणालो.

“मी कुटं ऐकलं?” अण्णा म्हणाले.

या सगळ्यात लक्ष्मीअक्का एक शब्द बोलायच्या नाहीत. शांतपणे जेवायच्या, बडीशेप घ्यायच्या, घरी यायच्या. भिंतीपलीकडूनही नवराबायकोचा आवाज असा कधी आला नाही. आला तर अण्णांचा एकट्याचा. सुनंदानं फार पूर्वीच निदान करून टाकलं होतं. “अबोला आहे. काहीतरी जुनं असणार. चाळीस वर्षं संसार करायचा आणि एक शब्द नाही, बाई गं!” तिला अक्कांची फार कीव यायची. आमच्याकडे काही गोडधोड झालं की पहिली वाटी अक्कांना.

मग एका शनिवारी हॉटेलाच्या लॉनवर लग्नाची वरात शिरली. ढोल, ताशे, वर डीजे. आम्हाला एकमेकांचं काही ऐकू येईना. सुनंदा मला मीठ मागत होती, मी तिला पाणी देत होतो. वेटर ऑर्डर घ्यायला आला आणि हात जोडून परत गेला. आणि समोर बघतो तर अण्णा आणि अक्का मजेत गप्पा मारताहेत! दोघांचे ओठ चाललेत, भुवया चालल्यात, अक्का नवरीच्या बापाकडे डोळ्यांनी खूण करून काहीतरी सांगताहेत आणि अण्णा टेबलावर थापा मारून हसताहेत. अक्कांना इतकं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. त्या तर बोलक्या होत्या. चांगल्या वटवट्या होत्या!

वरात गेल्यावर अण्णांनी खुलासा केला. अक्का त्याच शेडमध्ये कांड्या भरायला होत्या. विणताना मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जी सुताची छोटी गुंडाळी घालतात ती कांडी. “ही खिडकीपाशी बसायची. मी एक दिवस मागावरनं म्हनलो, कांडी संपली. आवाज कुटला, नुसतं तोंड हलवलं. हिला बरोबर दिसलं. आनून दिली. मग काय सर, माझी कांडी रोजच संपाय लागली. मालक म्हनला, ह्याच्या एकट्याच्या मागावर एवढ्या कांड्या कशा काय?”

लग्न ठरलं ते असं, ओठांवर. पुढं सगळा संसार त्याच बोलीत झाला. घरी माग नव्हते, पण सवय जडली ती जडली. अक्कांनी नवऱ्यासाठी आवाज वापरलाच नाही. पलीकडच्या घरात दिवसभर बोलणं चालायचं, आणि आम्ही भिंतीला कान लावून अबोला ऐकत होतो. त्या दिवसापासून सुनंदाची कीव आटली. “मला एक वाक्य तीनदा सांगावं लागतं,” असं ती माझ्याकडे बघत म्हणाली, आणि गोडाच्या वाट्या जरा कमी झाल्या.

गेल्या वर्षी अण्णा बिघडायला लागले. सुरुवात सिनेमात झाली. नवा सिनेमा होता, मी हिंदी सांगायला तयार बसलो होतो, पण अण्णा काही विचारेनात. मध्यंतरात मी म्हणालो, “आज काही सांगितलं नाहीत?”

“काय सांगनार? नटांनी दाढ्या वाढवल्यात. तोंड कुटं आनि मिशी कुटं, काय कळतंय? लई वाईट फॅशन आली बघा.”

मला पटलं. खरंच हल्ली सगळे नट जंगलातून आल्यासारखे दिसतात. मग हॉटेल बदललं. “हितं अंधार करून ठेवलाय. जेवाय बोलावलंय का झोपाय?” दुसरं हॉटेल धरलं, तिथं माणसं घास तोंडात ठेवून बोलतात म्हणे, त्यांना वळण नाही. निळ्या केसांच्या पोरीवरही नाराजी झाली. “माईक पार तोंडात कोंबून गाती. पैल्यासारखी ऱ्हायली न्हाय.” सगळ्या जगानं अण्णांच्या विरुद्ध कट केला होता. मी मास्तर माणूस, पन्नास पोरांच्या सबबी रोज ऐकल्या, पण ही सबब मला ओळखू आली नाही.

ओळखली ती पाण्यानं. एका शनिवारी लख्ख ट्यूबलाइटखाली बसलो होतो. अक्कांनी समोरून अण्णांना काहीतरी सांगितलं. नेहमीसारखं, नुसत्या ओठांनी. अण्णा म्हणाले, “हं,” आणि वेटरला हाक मारून चार गुलाबजाम सांगितले. गुलाबजाम आले. अक्कांनी वाटीकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं. ते खुशीत होते. अक्कांनी एक गुलाबजाम निमूटपणे खाल्ला. नंतर स्वतः हात वर केला आणि वेटरला म्हणाल्या, “पानी.” त्यांना केव्हापासून ठसका लागत होता. हॉटेलात त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दोन दिवसांनी अक्का एकट्या आमच्या दारात उभ्या. हेही पहिल्यांदाच.

“सर, ह्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. आता सिनेमा बगतात ते नुसतं रंग बगतात. मला तर वरीस झालं, काय बोललं तरी हं म्हनतात. डॉक्टरनी आपरेशन सांगितलंय, करून घेत न्हाईत. तुमी सांगा की जरा.”

मी गेलो आणि तासभर सांगितलं. मोतीबिंदू म्हणजे काय, किती साधं ऑपरेशन, आमच्या वर्गातल्या पोरांच्या आज्या कशा दुसऱ्या दिवशी घरी येऊन भाकऱ्या थापतात. अण्णांनी शांतपणे माझ्या तोंडाकडे बघून घेतलं. त्यातलं त्यांना किती दिसलं देव जाणे. शेवटी म्हणाले, “सर, कान गेले तवा मी रडलो न्हाय. डोळे हायेत म्हनलं. आता ह्या डोळ्याला कुनी सुरी लावली आनि हाय ते पन गेलं, तर मी कुटं जाऊ? हिच्याशी कसं बोलू?” मग लगेच आवाज चढवला. “आनि मला दिसतंय. नटांच्या दाढ्याच लई वाढल्यात, त्याला मी काय करू?”

तासभराचं माझं व्याख्यान दाढीपाशी येऊन बसलं. घरी आलो तर सुनंदा पेपर पुढं करून म्हणाली, “हे बघा.” सिनेमाची जाहिरात होती. अण्णांच्या आवडत्या नायकाचा नवा सिनेमा. पोलीस अधिकाऱ्याची भूमिका. गाल गुळगुळीत, मिशीसुद्धा नाही. माझ्या बायकोला मी आयुष्यभर कमी लेखलं, हे तेव्हा मान्य करावं लागलं.

दुपारच्या खेळाला गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत एसी होता आणि आम्ही धरून दहाबारा माणसं. अण्णांनी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची घेतली. नायकाचा चेहरा पडदाभर आला. तो पडदाभर बोलला. पुन्हा आला, पुन्हा बोलला. अण्णा खुर्चीत पुढं सरकले, डोळे बारीक केले, चष्मा पुसला, मान तिरकी करून बघितलं. मी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. मध्यंतराचे दिवे लागले. सामोसेवाला येऊन गेला. अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“सर,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खरोखर हळू आला. “दाढी न्हवती की ओ.”

“नव्हती,” मी म्हणालो.

“मग डॉक्टरकडं कवा जायाचं?”

ऑपरेशन झालं. अण्णांची भिवंडीला दिलेली मुलगी येऊन चार दिवस राहून गेली. अक्कांनी त्या काळात पदराचं टोक पार चुरगाळून टाकलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. काढून उपयोगही नव्हता, अण्णांच्या डोळ्यावर पट्टी होती. पट्टी निघाली त्या दिवशी म्हणे अण्णांनी डॉक्टरांना सांगितलं, “तुमी त्या सिस्टरला आत्ता म्हनलात, चहा सांग. आमाला पन सांगा की.” डॉक्टर दाराबाहेर, काचेपलीकडे उभे होते.

आठवड्यानं आम्ही दोघं भेटायला गेलो. अण्णा कॉटवर काळा चष्मा लावून बसले होते. आपण नायक दिसतो अशी त्यांची समजूत झालेली होती, आणि ती आम्ही मोडली नाही. अक्का चहा टाकायला आत गेल्या. अण्णांना सांगायला काहीतरी होतंच.

“सर, एक गंमत झाली. वरीसभर ही बोलायची आनि मी हं हं करायचो. काय पन कळायचं न्हाय. काल डोळा साफ झाल्यावर विचारलं, काय एवढं बोलत होतीस गं वरीसभर? तर म्हनती, शिव्या देत होते! चाळीस वर्सांच्या साठलेल्या! रोज समोर बसून शिव्या देत होती आनि मी हं हं, बरोबर हाय!” अण्णा इतके हसले की कॉट हलली. “आनि मी वर गुलाबजाम खाऊ घालत होतो!”

सुनंदाही हसत हसत अण्णांच्या शेजारी खुर्चीत टेकली. मी चहाचा ट्रे घ्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. अक्का कपात चहा ओतत होत्या. माझ्याकडे बघून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “शिव्या कुटल्या सर. भ्या वाटायचं, ते बोलत होते. ह्यांचा डोळा गेला तर मी कुनाशी बोलू? पोरगी भिवंडीला. मला लोकांत बोलाय जमत न्हाय, सवयच न्हाय. ह्यांच्या आधी मला ने रे देवा, असं म्हनत होते रोज. तोंडावर तसलं कसं बोलायचं? पर ह्यांना दिसत न्हवतं, म्हनून बोलता आलं. न्हायतर आतल्या आत मरून गेले असते.”

त्या बोलून मोकळ्या झाल्या आणि ट्रे माझ्या हातात दिला. मी वळलो. अण्णांनी काळा चष्मा काढला होता. सुनंदा त्यांना थेंबांच्या औषधाचं काहीतरी विचारत होती, आणि ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या खांद्यावरून सरळ दाराकडे, अक्कांच्या तोंडाकडे बघत होते. वर्षभराच्या सवयीनं अक्का विसरल्या होत्या, की आता या घरात दिसतं.

अण्णांनी घाईनं चष्मा चढवला आणि नेहमीच्या, काउंटरपर्यंत जाणाऱ्या आवाजात मला विचारलं, “काय म्हनत होती ओ सर ही? तुमच्याशी आवाज काढून बोलती, मला काय कळायचं त्यातलं?”

“साखर पुरे का विचारत होत्या,” मी म्हणालो.

“लई गोड करती, सांगा तिला,” अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या चष्म्याखालून पाण्याचा एक ओघळ गालावर आला.

डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. अक्का कापूस घेऊन धावल्या. “घाम हाय, घाम,” अण्णा म्हणत होते. अक्कांनी त्यांची हनुवटी धरली, चष्मा काढला, आणि गाल टिपता टिपता अक्कांचे ओठ भराभर हलायला लागले, आवाज न करता. त्या काय बोलत होत्या ते आम्हाला कळलं नाही, आणि अण्णांनी सांगितलं नाही.